सूपच्या भांड्यातले देव: सान्तेरिया समजून घेताना

सान्तेरिया हा क्यूबात घडलेला, आफ्रिकी मुळांचा धर्म. हवानातल्या एखाद्या सान्तेरोच्या, म्हणजे या धर्माची दीक्षा घेतलेल्या माणसाच्या, घरात गेलात, तर दाराआड जमिनीवर मातीच्या बशीत ठेवलेलं सिमेंटचं मूठभर डोकं दिसेल. डोळे आणि तोंड कवड्यांचे. शेजारी लोखंडी कढई, तिच्यात हातोडा, नांगर, कुऱ्हाड, सगळं खेळण्याएवढं. पुढच्या खोलीत संत बार्बाराचा प्लास्टरचा पुतळा: लाल झगा, हातात तलवार. आणि एका काचेच्या कपाटात, कप्प्याकप्प्यांवर, झाकणं लावलेली चिनी मातीची सूपची भांडी. निळं-पांढरं, पिवळं, शुभ्र.

पाहुण्याची नजर पुतळ्यावर खिळते. घरातली माणसं मात्र चटईवर पालथं पडून नमस्कार करतात तो त्या भांड्यांपुढे. सान्तेरियाबद्दलचे बहुतेक गैरसमज याच फरकातून निघतात. पुतळा भिंतीवरून काढला तरी धर्माचं काही बिघडत नाही. भांडी काढली तर त्या घरात सान्तेरिया उरत नाही.

भांड्यात असतात दगड. नदीतले किंवा समुद्रातले गुळगुळीत गोटे, विधीने धुऊन, भरवून ‘जन्माला घातलेले’. ओचुन या नदीच्या देवतेचे पाच, येमाया या समुद्राच्या देवतेचे सात. सोबत त्या देवतेच्या कवड्यांचा संच आणि धातूची छोटी हत्यारं: येमायाची वल्ही, जहाजाचा नांगर, चंद्रकोर, ओचुनची पितळी कडी. सगळ्यांनाच चिनी माती मानवत नाही. वीज आणि ढोलाचा स्वामी चांगो लाकडी परातीत राहतो आणि ती परात उलट्या उखळावर ठेवतात. ओगुन लोखंडाचा, म्हणून कढईत. क्यूबात आधी ही जागा तुंब्यांची आणि मातीच्या मडक्यांची होती. श्रीमंत स्पॅनिश घरांतली झाकणाची सूपभांडी देव ठेवायला शोभून दिसतात, हे मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांनी हेरलं आणि तीच रीत झाली.

नावातच टोमणा आहे

‘सान्तो’ म्हणजे संत. ‘सान्तेरिया’ला मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर ‘संतबाजी’. काळे लोक येशूला सोडून संतांच्याच फार मागे लागतात, अशी नाकं मुरडणाऱ्यांनी ते नाव दिलं. आज अनेक अनुयायी ते बिनदिक्कत वापरतात. पण आतलं नाव ‘रेग्ला दे ओचा’, म्हणजे ओरिशांचा, देवतांचा, नियम. दुसरं नाव ‘लुकुमी’. क्यूबात योरुबा भाषिकांना लुकुमी म्हणत. ‘ओलुकु मी’, म्हणजे ‘माझ्या मित्रा’, या हाकेवरून तो शब्द आला असं सहसा सांगतात.

योरुबा लोकांचा मुलूख म्हणजे आजचा नैऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिनचा काही भाग. तिथून माणसं क्यूबात आणली गेली त्याला दोन घटना जुळून आल्या. 1791 मध्ये फ्रेंचांच्या सां-दोमिंग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी उठाव केला आणि जगातला साखरेचा सर्वांत मोठा पुरवठा कोसळला. ती पोकळी क्यूबाच्या मळेवाल्यांनी भरून काढली. उसाला माणसं लागली. त्याच सुमारास आफ्रिकेत ओयो हे बलाढ्य योरुबा राज्य आतून पोखरत गेलं, 1830च्या दशकात त्याची राजधानी ओस पडली आणि यादवीतले कैदी किनाऱ्यावर विकले जाऊ लागले. स्पेनने ब्रिटनशी करार करून 1820पासून गुलामांची आयात कागदावर बंद केली होती. जहाजं 1860च्या दशकापर्यंत येतच राहिली. एकूण पावणेआठ लाखांच्या आसपास आफ्रिकी माणसं क्यूबात उतरवली गेली, त्यातली बहुतेक 1790 नंतर. गुलामगिरी संपली 1886 मध्ये.

हा उशीर महत्त्वाचा आहे. योरुबा माणसं एकोणिसाव्या शतकात, मोठ्या संख्येने, थोड्या वर्षांत आली. त्यांच्यात पुजारी होते, ढोल घडवणारे होते, मंत्र तोंडपाठ असलेल्या बायका होत्या. आणि त्यांना जमायला हवाना, मातान्सास अशा शहरांत ‘काबिल्दो’ होते: एकाच मुलखातून आलेल्या लोकांची मंडळं. वर्गणी, आजारपणात मदत, मयताचा खर्च, पैसे साठवून कुणाला गुलामगिरीतून सोडवणं आणि सणाला ढोल. प्रत्येक मंडळाचा कुणीतरी कॅथलिक संत पालक असे, ध्वजावर त्याचं चित्र असे. हवानाच्या खाडीपलीकडच्या रेग्ला गावातला काबिल्दो रेमिहिओ एरेरा उर्फ आदेचिना याच्या नावाने ओळखला जातो. तो आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून आणलेला बाबालाओ, म्हणजे इफा भविष्यविद्येचा पुजारी. तो 1905 मध्ये वारला. क्यूबातल्या इफाच्या अनेक परंपरा आपली वंशावळ त्याच्यापर्यंत नेऊन भिडवतात.

क्यूबात एक मोठा बदलही झाला. आफ्रिकेत देवता गावांना बांधलेल्या होत्या: ओयोचा शांगो (क्यूबातला चांगो), ओशोग्बोची ओशुन (क्यूबातली ओचुन). एका माणसाची दीक्षा साधारणपणे एकाच देवतेची. क्यूबात वेगवेगळ्या गावांची माणसं एकाच गल्लीत राहू लागल्यावर देवताही एकाच कपाटात आल्या. आज सान्तेरियात दीक्षा होते तेव्हा डोक्यावर एकच ओरिशा बसतो, पण सोबत आणखी चार-पाच ओरिशांची भांडी मिळतात. म्हणजे ‘आफ्रिकेतला धर्म जसाच्या तसा’ हे म्हणणं खरं नाही. हा धर्म क्यूबात घडला, आफ्रिकी मालावर.

संतांचा मुखवटा होता का?

मालकाला फसवायला गुलामांनी देवांना संतांचे मुखवटे चढवले, ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. ती अर्धीच खरी आहे. बाप्तिस्मा सक्तीचा होता, उघड आफ्रिकी पूजेला शिक्षा होती, तेव्हा आडोशाची गरज होतीच. पण जोड्या बघितल्या की नुसत्या आडोशापलीकडचं काही दिसतं. संत बार्बाराला छळणाऱ्या बापावर वीज कोसळली अशी कथा. तिचा झगा लाल, शेजारी बुरूज. विजेचा देव चांगो लाल-पांढऱ्या रंगाचा. तो पुरुष आणि ती बाई, याने कुणाचं अडलं नाही. दोघांचा दिवस 4 डिसेंबर. रेग्लाची माता मरियम सावळी, निळ्या झग्यातली, खाडीच्या काठावरची, म्हणून येमाया. तांब्याच्या खाणीच्या गावातली कारिदाद देल कोब्रे, जिला 1916 मध्ये पोपने क्यूबाची पालक संत ठरवलं, ती ओचुन.

सगळ्यात बोलकं उदाहरण संत लाझारोचं. 17 डिसेंबरला हवानाजवळच्या एल रिंकोन गावी हजारो लोक जातात, काही गुडघ्यांवर, काही पायाला दगड बांधून सरपटत. चर्चच्या हिशोबात हा लाझारो बिशप आहे. लोकांचा लाझारो कुबड्या घेतलेला, अंगभर फोड आलेला, कुत्रे जखमा चाटतायत असा भिकारी, जो बायबलमधल्या एका दृष्टान्तातलं पात्र आहे. कारण बाबालू आये हा देवीसारख्या साथींचा, त्वचारोगांचा ओरिशा. लोकांनी संत निवडला तो ओरिशाच्या मापाने.

तरीही चर्चमधला संत आणि भांड्यातला ओरिशा यांची सेवा वेगळी चालते. संताला फुलं आणि मेणबत्ती. ओरिशाला जेवण.

जेवणाचे नियम

कुठल्याही विधीत पहिला मान एलेग्वाचा. तो वाटांचा, चौकांचा, दारांचा स्वामी, खोडकर पोराच्या आणि म्हाताऱ्याच्या रूपात वावरणारा. रंग लाल-काळा, आकडा तीन, वार सोमवार. त्याला गोळ्या-चॉकलेट, रमचा फवारा, चिरूटचा धूर. त्याला आधी दिलं नाही तर पुढचा निरोप पोचत नाही.

चांगोला आवडतं मक्याच्या पिठाचं घट्ट आंबील आणि त्यावर भेंडी. तीच भेंडी; तिचा बुळबुळीतपणा जो आपण कोकम घालून मारतो, तो तिथे मुद्दाम राखतात. ओबाताला हा शुभ्रतेचा, डोक्याचा, थंडपणाचा मालक: त्याचं सगळं अन्न पांढरं आणि अळणी, दारू अजिबात नाही. ओचुनला मध, पण देण्यापूर्वी देणाऱ्याने स्वतः चाखायचा. तिला एकदा मधातून विष घालायचा डाव झाला होता, अशी कथा आहे. वादळवाऱ्याची देवता ओया, तिला मेंढा चालत नाही.

हे लाड वाटतील, पण त्यामागे एक कल्पना आहे: ‘आशे’, म्हणजे घडवून आणणारी शक्ती. ती सर्वांत वरच्या ओलोदुमारेकडून येते, आणि त्याला स्वतःला भांडं, मूर्ती, नैवेद्य काहीच लागत नाही. ओरिशा, पूर्वज, झाडपाला, दगड, रक्त, शब्द यांतून ती वाहते. माणूस देतो, ओरिशा देतो. देणंघेणं थांबलं की दोन्ही बाजू सुकतात.

नारळ आणि कवड्या

ओरिशाला काय हवंय हे ठरवायचं कसं? विचारून. सान्तेरियात कुठलाही निर्णय पुजाऱ्याच्या मनाने होत नाही, निदान होऊ नये.

रोजच्या प्रश्नांसाठी नारळ. आफ्रिकेत यासाठी कोला फळ वापरतात. क्यूबात ती जागा नारळाने घेतली. इथे नारळ जमिनीवर आपटून फोडायची बंदी आहे, तो अपमान समजतात. हातात धरून ठोकून फोडतात. खोबऱ्याचे चार तुकडे घ्यायचे, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. तीनदा पाणी शिंपडायचं, घराण्यातल्या मृत पुजाऱ्यांची नावं घ्यायची, तुकड्यांच्या कडा नखाने किंचित खुडायच्या, प्रश्न विचारायचा आणि तुकडे टाकायचे.

दोन पांढरे, दोन तपकिरी पडले तर ‘एयीफे’: पक्कं हो. यापुढे विचारायचं नाही. चारही पांढरे, ‘आलाफिया’: हो, पण खात्री करून घ्या. तीन पांढरे, ‘एतावा’: होऊ शकेल, पुन्हा टाका. एकच पांढरा, ‘ओकाना’: नाही. चारही तपकिरी, ‘ओयेकुन’: नाही, आणि शिवाय काहीतरी बिनसलंय, मृतांसाठी मेणबत्ती लावायची आणि कोण बोलतंय ते शोधायचं. नवख्यांना वाटतं चारही पांढरे म्हणजे उत्तम. जाणते दोन-दोनलाच मानतात, कारण तोल तिथे आहे.

चुका बहुतेक प्रश्नात होतात. ‘नोकरी सोडून गावी जाऊ का?’ हे दोन प्रश्न झाले. ‘नाही’ आलं तर कशाला नाही? दुसरी चूक, नको ते उत्तर आलं की शब्द फिरवून तेच विचारणं. तिसरी, ‘हो’ आल्यावर ‘आणखी काही राहिलंय का?’ हे न विचारताच उठणं.

मोठ्या प्रश्नांना ‘दिलोगुन’, कवड्या. ओरिशाच्या संचात सहसा 18 असतात, एलेग्वाच्या 21, टाकायच्या 16. शब्द योरुबातल्या सोळा या आकड्यावरून आला आणि त्याची फोड ‘चार उणे वीस’ अशी आहे. एकोणीस म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे लगेच कळावं. कवडीची फुगीर पाठ घासून उघडतात, म्हणजे ती दोन्ही बाजूंनी सपाट बसते. आपल्याकडे फुटक्या कवडीला किंमत नाही. इथे फोडल्याशिवाय कवडी बोलत नाही. दातेरी फट वर आली तर ते तोंड उघडलं असं धरायचं. किती तोंडं उघडली तो आकडा म्हणजे ‘ओदु’. एक ओकाना, पाच ओचे, आठ एयेउन्ले, अकरा ओहुआनी. दोनदा टाकून जोडी बनते. सोळा गुणिले सोळा, 256 जोड्या. प्रत्येकीला म्हणी, कथा, पथ्यं, उतारे. आठचं सांगणं: डोकंच धडाला घेऊन चालतं. अकराचं: टोपलीत पाणी भरणं. यानंतर खडूसारखा पांढरा गोळा आणि काळा दगड विचारणाऱ्याच्या दोन मुठींत लपवतात. कुठली मूठ उघडायची ते कवड्या ठरवतात आणि त्यावरून ओदु शुभ वळणाने आला की अशुभ हे कळतं. बहुतेक परंपरांत 13 ते 16 पडले की कवड्या वाचणारा थांबतो आणि माणसाला बाबालाओकडे पाठवतो. तिथे 16 ताडबिया किंवा आठ कपच्यांची साखळी वापरतात. नायजेरियातल्या इफा विद्येला युनेस्कोने 2005 मध्ये मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून घोषित केलं.

कवडीचा आपल्याशी खरा धागा आहे, तोही कडू. पैसा म्हणून चालणारी ही कवडी मालदीवच्या उथळ समुद्रातली. तिथून ती बंगाल आणि सिंहलद्वीपाच्या बंदरांत यायची, पोर्तुगीज, डच, इंग्रज जहाजांच्या तळाशी भार म्हणून युरोपात जायची आणि तिथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, जिथे माणसांची किंमतही कवड्यांत मोजली जाई. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली माळ आणि हवानातल्या चटईवरचे सोळा नग एकाच जातीच्या शिंपल्याचे.

दीक्षा: एक वर्ष आणि सात दिवस

सान्तेरियात धर्मांतराचा अर्ज नसतो, साप्ताहिक प्रार्थना नसते, सर्वांवर अधिकार चालवणारा प्रमुखही नसतो. असतं ते घराणं: दीक्षा देणारे पाद्रिनो किंवा माद्रिना, म्हणजे धर्मबाप किंवा धर्मआई, त्यांचे गुरू, त्यांचे गुरू. बरेच जण पहिल्या दोन पायऱ्यांवरच आयुष्य काढतात. पहिली, देवतांच्या रंगांच्या मण्यांच्या माळा. दुसरी, ‘योद्धे’: एलेग्वा, ओगुन, शिकारी ओचोसी आणि टोकावर कोंबडा असलेला धातूचा छोटा पेला ओसुन. तो कधी आडवा पडला तर घरातल्या माणसाला धोका आहे असं समजतात, म्हणून तो मांजर, पोरं, झाडू यांच्या वाटेत ठेवत नाहीत.

पूर्ण दीक्षा सात दिवसांची. कुठला ओरिशा डोक्याचा धनी हे भविष्यविद्येने आधी ठरतं. आवडीचा देव निवडता येत नाही. औषधी पाल्याच्या पाण्याने अंग धुतात, डोकं भादरतात, त्यावर रंग देतात, मंत्र म्हणून ओरिशा ‘बसवतात’. आतले तपशील दीक्षितांपुरतेच, आणि ते तसेच राहू देणं बरं. दुसऱ्या दिवशी नवदीक्षिताला राजवस्त्रांत मखरात बसवतात, लोक पाया पडायला येतात. तिसऱ्या दिवशी ‘इता’: मिळालेल्या ओरिशांच्या कवड्या एकेक करून टाकतात आणि जन्मभराची पथ्यं वहीत उतरवतात. अमुक खायचं नाही, तमुक ठिकाणी जायचं नाही. सातव्या दिवशी बाजारात नेऊन आणतात.

नवदीक्षिताला, पुरुष असो वा बाई, ‘इयावो’ म्हणतात, म्हणजे नवी नवरी. वर्षभर नखशिखांत पांढरे कपडे, डोकं झाकलेलं, रात्री बाहेर नाही, दारू नाही, फोटो नाही, हस्तांदोलन नाही. पहिले तीन महिने आरशात पाहायचं नाही, जमिनीवर चटईवर बसून जेवायचं. नेम मोडतात ते नोकरीपायी: गणवेश लागतो, रात्रपाळी लागते. समजूतदार घरं हे आधी विचारून घेतात आणि सवलत ओरिशाकडूनच मागून घेतात. आधी दीक्षा आणि मग बघू, असं करणाऱ्यांची वर्षभर फरफट होते.

पैशाचा विषयही इथेच येतो. दीक्षेचा खर्च अमेरिकेत हजारो डॉलरांत जातो: जनावरं, कापड, भांडी, ढोल, स्वयंपाक, विधीला हजर असलेल्या प्रत्येक पुजाऱ्याची दक्षिणा. खर्च खरा असतो, म्हणूनच फसवणुकीला वाव असतो. घराण्यात पाद्रिनोचा पाद्रिनो कोण हे सांगता न येणारा, पहिल्याच भेटीत ‘लगेच दीक्षा नाहीतर मरण’ म्हणणारा, किंवा दर बैठकीला नवा महागडा उतारा काढणारा, यांच्यापासून दूर राहा असं जुनी माणसंच सांगतात. कवड्यांचं उत्तर कितीदा तरी ‘अंघोळ कर, आईला फोन कर, भांडण मिटव’ एवढंच असतं.

ढोल, रक्त आणि कोर्ट

सणाला बाता ढोल. तीन असतात, इया, इतोतेले, ओकोंकोलो. तिन्ही दुतोंडी, कमरेत बारीक, मांडीवर आडवे धरून दोन्ही हातांनी वाजवायचे. सर्वांत मोठ्या इयाला, म्हणजे आईला, घुंगरं. योरुबा ही सुरांवर चालणारी भाषा, म्हणून हे ढोल मुळात शब्द बोलतात. नेमका बोल लागला की ओरिशा कुणाच्या तरी अंगात येतो. क्यूबन लोक ‘चढला’ म्हणतात. माणूस घोडा, ओरिशा स्वार. मग त्याला आत नेऊन त्याच्या रंगाचे कपडे घालतात आणि तो लोकांना सांगणं सांगतो.

पशुबळी हा सर्वाधिक वादाचा भाग. कोंबड्या, कबुतरं, गिनी कोंबड्या, बोकड, मेंढे. गळ्याची नस कापतात, रक्त दगडांवर, मांस स्वयंपाकघरात. दीक्षेच्या जेवणात ते शिजवून सगळ्यांना वाढतात. आजार किंवा संकट उतरवायला दिलेला जीव मात्र खात नाहीत, कारण ते संकट त्याने आपल्यात घेतलेलं असतं.

1987 मध्ये फ्लोरिडातल्या हायालिया शहरात एर्नेस्तो पिचार्दो यांच्या लुकुमी चर्चने जागा घेतली, तेव्हा नगर परिषदेने घाईघाईने बळीबंदीचे नियम केले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 11 जून 1993 रोजी न्यायालयाने एकमताने ते नियम रद्द केले. युक्तिवादाचा गाभा साधा होता: शिकार चालते, मासेमारी चालते, खाटीकखाना चालतो, ज्यूंची कोशर पद्धतीची कत्तल चालते, मग फक्त याच लोकांनी मारलं तर गुन्हा कसा? सार्वजनिक आरोग्याचे सर्वांना लागू असलेले नियम पाळणं त्यांनाही भागच आहे.

क्यूबात वेगळी ओढाताण होती. 1959च्या क्रांतीनंतर धर्म मानणाऱ्याला कम्युनिस्ट पक्षात जागा नव्हती. ती 1991 मध्ये मिळाली आणि 1992 मध्ये राज्यघटनेतून निरीश्वरवाद गेला. दरम्यान निर्वासितांनी धर्म मायामी, न्यूयॉर्कला नेला होता. आता 31 डिसेंबरच्या रात्री हवानाचे बाबालाओ वर्षाचा ओदु काढतात आणि 1 जानेवारीला लोक त्याची वाट बघतात.

सान्तेरो मेला की ‘इतुतु’ करतात, म्हणजे थंड करणं. दीक्षेच्या वेळी भादरलेले केस, तेव्हाची कात्री आणि कंगवा, इतकी वर्षं जपून ठेवलेले, त्याच्याबरोबर जातात. मग कपाटातलं एकेक भांडं खाली उतरवून प्रत्येक ओरिशाला विचारतात: राहणार की धन्याबरोबर जाणार? राहतो म्हणाला तर कुणाकडे, मुलीकडे की धर्मपुत्राकडे, हेही त्यालाच विचारायचं. जातो म्हणाला तर भांडं फोडतात आणि आतले गोटे नदीत सोडून देतात.